पहिलाच कटअवे : मी घाई केली का?

आभाळवेडी :

नमस्कार. मी मूळची सांगलीची असून गेली सहा वर्षे दक्षिण कॅलिफोर्नियात राहते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतल्याची बातमी शाळेत असताना वाचली होती, तेव्हापासून मनात असलेले स्कायडायव्हिंग अखेर दीड वर्षापूर्वी शिकायला घेतले. 'ए' म्हणजे सुरुवातीचा परवाना मिळून दोन महिने झाले आहेत आणि मागच्या शनिवारी माझी ३४वी उडी झाली. त्या उडीत पहिल्यांदाच मला कटअवे करावा लागला, म्हणजे मुख्य पॅराशूट सोडून देऊन राखीव पॅराशूट उघडावे लागले. अंगावर ओरखडासुद्धा आलेला नाही, तरी त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

आम्ही १३,००० फुटांवर विमानाबाहेर पडलो आणि ४,००० फुटांवर मी पायलट शूट, म्हणजे मुख्य पॅराशूटला ओढून बाहेर काढणारे छोटे पॅराशूट, फेकले. पॅराशूट क्लबचे, भाड्याचे, २१० चौरस फुटांचे होते आणि त्यावर माझ्या याआधी दहा-बारा उड्या झालेल्या होत्या. ते नेहमीच्या वेळेत उघडले, दोऱ्यांवरून घसरत येणारा स्लायडर हा कापडी तुकडाही जवळजवळ पूर्ण खाली आला, आणि मी हुश्श म्हणणार तोच ते आपण होऊन उजवीकडे वळू लागले. वर पाहिले तेव्हा उजव्या बाजूच्या मागच्या चार-पाच दोऱ्या एका जागी जुडीसारख्या आवळल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या वरचे कापड साडीच्या निरीसारखे दुमडून आत ओढले गेले होते. दोन्ही टॉगल, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी, सोडवून पूर्ण खाली ओढले, मागचे रायझर (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंतचे पट्टे) ओढून पाहिले, पुन्हा एकदा टॉगल ओढले. गाठ सुटली नाही, उलट गिरकीचा वेग वाढला. डावे टॉगल छातीपर्यंत ओढून धरले की पॅराशूट कसेबसे सरळ चालायचे, सैल सोडले की पुन्हा वळायचे. मनगटावरच्या अल्टिमीटरचा (उंचीमापकाचा) काटा २,६००च्या खाली गेलेला दिसला तेव्हा मी मुख्य पॅराशूट सोडणारे उजवीकडचे लाल हँडल ओढले, पोटात खड्डा पडला, आणि लगेच राखीवचे, डावीकडचे धातूचे हँडल ओढले. राखीव पॅराशूट इतक्या झटकन उघडले की घाबरायलाही वेळ मिळाला नाही.

खरा त्रास उतरल्यानंतर सुरू झाला. पॅकिंगच्या शेडमध्ये हजाराच्या वर उड्या झालेले एक गृहस्थ सगळा प्रसंग ऐकून हसले आणि म्हणाले, "डावा ब्रेक धरून ते आरामात उतरवता आले असते. चांगले पॅराशूट उगाच फेकून दिलेस." माझ्या प्रशिक्षकांनी मात्र पाठ थोपटली. मुख्य पॅराशूट एका झुडपावर सापडले, राखीव पॅराशूटची पिशवी अजून सापडलेली नाही, आणि आईला यातले काहीही सांगितलेले नाही. मी घाई केली का? आणि अशी गाठ मुळात बसते कशी?

घारपंख :

तुम्ही घाई केली नाही. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनच्या शिफारशीनुसार विद्यार्थी आणि 'ए' परवानाधारकांनी मुख्य पॅराशूट ठेवायचे की सोडायचे हा निर्णय २,५०० फुटांच्या खाली जाण्याआधी घ्यायचा असतो, पुढच्या परवान्यांसाठी ती मर्यादा १,८०० फूट आहे. तुम्ही प्रयत्न केलेत, ते मोजके केलेत, आणि मर्यादा येताच थांबलात. याहून वेगळे काहीही कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात एक गोम आहे. डावे टॉगल छातीपर्यंत ओढल्यावर पॅराशूट सरळ चालते हे खरे, पण जमिनीजवळ वेग मारण्यासाठी दोन्ही टॉगल एकदम खाली ओढावे लागतात, आणि तुमच्या डाव्या हाताची निम्मी ओढ तर सरळ चालण्यातच खर्च झालेली असती. असे ओढताना, म्हणजे फ्लेअर करताना, डावी बाजू आधीच स्टॉल होऊन, म्हणजे उचल गमावून, पॅराशूट ऐन वेळी कोसळू शकते. म्हणूनच नुसते सरळ चालणारे पॅराशूट उतरवण्याजोगे ठरत नाही, त्याला दोन्ही बाजूंना वळता आले पाहिजे आणि फ्लेअरही करता आले पाहिजे. हे वरच, हाताशी उंची असताना, करून पाहायचे असते.

आता माझे ऐका, कारण मी तुमच्या नेमका उलट वागलो होतो. मी पुण्याचा, सध्या स्पेनमध्ये असतो, उड्या अकराशेच्या आसपास. पाच वर्षांपूर्वी मी लहान, लंबवर्तुळाकार पॅराशूट नवीनच घेतले होते. एका उडीत दोऱ्यांना तीन पीळ पडले. मोठ्या, संथ पॅराशूटवर असे पीळ पडले तर रायझर फाकवून, सायकल मारल्यासारखे पाय झाडले की ते बहुधा सुटतात. माझे पॅराशूट मात्र पिळासकट गरागरा फिरू लागले आणि मी पाठीवर फेकला जाऊन आकाशाकडे तोंड करून गोल फिरत राहिलो. तशा स्थितीत काळ कसा जातो ते सांगणे अवघड आहे. एक पीळ सुटला, मला वाटले आता दुसराही सुटेल, आणि त्या 'आता सुटेल'च्या नादात मी मनगटाकडे पाहिलेच नाही. पाहिले तेव्हा काटा १,४००वर होता. राखीव पॅराशूट पूर्ण उघडले तेव्हा खालच्या द्राक्षमळ्यातल्या ओळी मला स्वच्छ मोजता येत होत्या.

त्या उडीनंतर कळलेली गोष्ट नवीन मंडळींनी जरूर लक्षात ठेवावी. माझ्या पाठीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र होते, आणि मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी त्याचा भरवसाही होता. हे यंत्र साधारण साडेसातशे फुटांच्या आसपास, तेही तुम्ही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने खाली येत असाल तरच काम करते. अर्धवट उघडलेल्या, फिरणाऱ्या पॅराशूटखाली तुमचा वेग बरेचदा त्याहून कमी असतो. जमिनीवर आपटून मरायला तो पुरेसा असतो, यंत्राला जाग यायला पुरेसा नसतो.

अर्थात या यंत्रांचे उपकार थोडे नाहीत. १६ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकन हवाई दलाचे जोसेफ किटिंजर ७६,००० फुटांवरून फुग्यातून खाली उडी घेत असताना त्यांचे छोटे स्थिरक पॅराशूट वेळेआधी उघडले आणि त्याच्या दोऱ्या त्यांच्या मानेभोवती गुंडाळल्या गेल्या. ते मिनिटाला सुमारे १२० फेरे या गतीने फिरत बेशुद्ध झाले आणि आपोआप उघडलेल्या राखीव पॅराशूटनेच त्यांना खाली आणले. हाताला हालचाल उरत नाही अशा वेळेसाठीच ही सोय आहे.

सुईदोरा :

मी रिगर आहे, म्हणजे राखीव पॅराशूट तपासून घडी घालणे आणि फाटलेले शिवणे हा माझा धंदा. निर्णयाबद्दल घारपंख यांनी लिहिलेच आहे, मी गाठीबद्दल लिहितो.

तुम्ही वर्णन केलेल्या प्रकाराला टेन्शन नॉट म्हणतात. नावात नॉट असले तरी ती बांधलेली गाठ नसते. पॅराशूट उघडताना एखाद्या सैल दोरीचे वेटोळे शेजारच्या दोऱ्यांत अडकते, त्याच क्षणी सगळ्या दोऱ्यांवर ताण येतो आणि ते वेटोळे तिथेच आवळले जाते. ताण गेला की ते बहुधा आपोआप सुटते, त्यामुळे जमिनीवर पडलेल्या पॅराशूटमध्ये अशी गाठ सहसा सापडत नाही आणि 'इथे तर काहीच नाही' असे म्हणायला लोक मोकळे होतात. तुमच्याकडचे ते गृहस्थही कदाचित असेच रिकाम्या दोऱ्या पाहून बोलले असतील.

असे वेटोळे तयार करण्यात ब्रेकच्या दोऱ्यांचा हात मोठा. उतरल्यावर टॉगल पुन्हा रायझरवर खोचताना आपल्या नकळत दोरीला अर्धा-पाव पीळ बसतो, आणि हा पीळ प्रत्येक उडीत त्याच दिशेने वाढत जातो. स्वतःचे पॅराशूट असले तर मालक कधीतरी ते सोडवतो. भाड्याचे पॅराशूट म्हणजे एसटीतली सीट, आधी कोण बसून गेले याचा पत्ता नाही आणि झाडण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. टेलिफोनची जुनी वायर जशी स्वतःभोवती गुंडाळायची तशी ती दोरी मग सैल पडली की लगेच वेटोळी घालते.

दुसरे कारण दोऱ्यांच्या वयाचे आहे. स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या उष्णतेने आखडतात, आणि प्रत्येक उडीत स्लायडर त्यांच्यावरून घासत खाली येताना ही उष्णता तयार होते. स्लायडरच्या कड्यांना जास्त घासणाऱ्या बाहेरच्या आणि ब्रेकच्या दोऱ्या इतरांपेक्षा जास्त आखडतात, त्यामुळे काही शे उड्यांनंतर एकाच पॅराशूटच्या दोऱ्यांमध्ये काही इंचांचा फरक पडलेला असतो. त्या फरकापायी पॅराशूट वाकडे चालते, कधी तिरके उघडते, आणि उघडताना काही दोऱ्या ताणलेल्या तर काही लोंबत्या राहतात. क्लबकडे विचारा, की या दोऱ्या बदलून किती उड्या झाल्या. त्यांनी आकडा सांगितला नाही तर तेही एक उत्तरच समजा.

पॅकिंग करताना दोऱ्यांवरचा ताण शेवटपर्यंत सुटू देऊ नका, आणि दर काही उड्यांनी टॉगल रायझरवरून पूर्ण मोकळे करून पीळ काढा. दोन मिनिटांचे काम आहे.

एका गोष्टीकडे तुमचे लक्ष गेले नसेल, म्हणून सांगतो. लाल हँडल ओढल्यावर मुख्य पॅराशूट ताबडतोब सुटले, ते खांद्यावरच्या तीन कड्यांमुळे. मोठ्या कड्यातून मधले, मधल्यातून लहान, लहान कड्यावरून एक पांढरा दोरा, आणि त्या दोऱ्यातून गेलेली पिवळी केबल. प्रत्येक कडे आपल्यावरचा ताण पुढच्याकडे बराच कमी करून सोपवते, त्यामुळे फिरत्या पॅराशूटचा शेकडो किलोंचा ओढा शेवटी त्या दोऱ्यावर जेमतेम काही किलोंचा उरतो आणि घाबरलेल्या हातालाही केबल ओढता येते. बिल बूथ यांनी सत्तरच्या दशकात ही रचना केली. त्याआधी खांद्यावरची दोन खिट्ट्यांसारखी कुलपे दोन हातांनी वेगवेगळी उघडावी लागत, आणि एक उघडून दुसरे अडकले तर काय होत असेल ते तुम्हीच ताडा. या कड्यांचे पट्टे महिन्यातून एकदा सोडून, वाकवून, केबल पुसून पुन्हा जोडायचे असतात. किती जण हे करतात, हे मला माझ्या टेबलावर येणाऱ्या मळलेल्या केबलींवरून कळते.

आणि हो, राखीव पॅराशूटची घडी घालणाऱ्या रिगरला त्याच्या आवडीची बाटली देण्याची रीत आहे. ती चुकवू नका.

उलटवारा :

वरच्या चर्चेत 'आधी मुख्य सोडा, मग राखीव उघडा' हे सूत्र सरसकट लागू असल्यासारखे वाटते, म्हणून वेगळ्या प्रकारचा अनुभव लिहितो. आभाळवेडी यांचे पॅराशूट उघडून बिघडले होते. माझे उघडलेच नव्हते.

मी पायलट शूट फेकले, नेहमीसारखा झटका बसण्याची वाट पाहिली, आणि झटका बसला नाही. मान वळवून खांद्यावरून मागे पाहिले तर पायलट शूट पट्टीच्या टोकाला चोळामोळा होऊन फडफडत होते, रुमाल टाकल्यासारखे, आणि पाठीवरचा कप्पा बंदच होता. चूक माझीच होती. हे पायलट शूट उडीनंतर मिटते आणि पॅकिंग करताना आतली दोरी ओढून ते पुन्हा 'चढवून' ठेवावे लागते. चढवले आहे की नाही ते कळावे म्हणून पट्टीला एक बारीक खिडकी असते, तिच्यातून रंगीत दोरी दिसली पाहिजे. माझ्या खिडकीत त्या दिवशी रंग नव्हता. मी पॅकिंग करता करता मित्राशी गप्पा मारत होतो आणि खिडकीकडे पाहिलेच नव्हते.

पोटावर पडत असताना हजार फूट साडेपाच सेकंदांत जातात. मी लाल हँडलला हात न लावता सरळ राखीव उघडले, कारण मला शिकवले होते तसे, की मुख्य पॅराशूट कप्प्यातच आहे तर सोडायचे काय? राखीव उघडल्यावर कप्पा सैल पडला, मुख्य पॅराशूट मागून आरामात बाहेर घसरले आणि तेही फुगले. एकामागे एक अशी दोन पॅराशूट डोक्यावर घेऊन मी खाली आलो. पुढच्याला टॉगलने नव्हे तर रायझरने, अगदी हलके वळवायचे, फ्लेअर करायचे नाही आणि दोन्ही पाय जोडून लोळण घ्यायची, एवढेच त्या वेळी आठवले. दोन्ही एकमेकांपासून फाकून जमिनीकडे तोंड करू लागली असती तर मात्र मुख्य पॅराशूट तत्काळ सोडावे लागले असते, आणि ते जोडलेले होते म्हणून ही निवड माझ्या हातात राहिली.

घारपंख :

उलटवारा, आमच्याकडे याच्या नेमके उलटे शिकवतात : पायलट शूट मागे फडफडत असेल तर आधी लाल हँडल, मग राखीव, म्हणजे मुख्य पॅराशूट नंतर बाहेर पडलेच तर ते निघून जाईल. त्यालाही धोका आहे, सुटलेले रायझर वर जाताना राखीव पॅराशूटमध्ये गुंतू शकतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत आणि दोन्हींनी माणसे वाचली आहेत. माझे मत एवढेच, की यांतली एक पद्धत आपल्या प्रशिक्षकांशी बोलून जमिनीवर ठरवावी आणि तीच पाठ करावी. वर गेल्यावर निवड करत बसलात तर सेकंदाला पावणेदोनशे फूट खर्च होतात.

आभाळवेडी यांच्यासाठी एक पुरवणी. हजार फुटांच्या खाली असताना मुख्य पॅराशूट बिघडल्याचे लक्षात आले तर ते सोडण्याच्या भानगडीत पडू नका, नुसते राखीव उघडा. 'वेळ संपली' ही सीमाही पाठ असायला हवी.

निवृत्त छत्रीधारी :

मी साताऱ्याचा. पॅरा रेजिमेंटमधून निवृत्त होऊन बारा वर्षे झाली. तुमच्या खेळातले कटअवे, तीन कडी हे काही आमच्या रोजच्या उडीत नव्हते, त्यामुळे हा धागा वाचताना मौज वाटली आणि थोडा हेवाही वाटला.

आग्र्याच्या लष्करी छत्री-प्रशिक्षण शाळेत छत्रीधारीचे पंख (बिल्ला) मिळवण्यासाठी पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची. पॅराशूट गोल, विमानातल्या तारेला बांधलेल्या पट्ट्याने उघडणारे, आणि उंची बाराशे-साडेबाराशे फूट. म्हणजे आभाळवेडी ज्या उंचीवर विचार थांबवतात तिच्या निम्म्या उंचीवर आमची उडी सुरू व्हायची. दारातून बाहेर पडले की मोठ्याने मोजायचे आणि मोजणी संपताच मान वर करून छत्री पाहायची, हे इतके घोटून घेतले जाई की आजही जिना उतरताना एखादी पायरी चुकली तर माझी मान आपोआप वर जाते.

आमच्याकडे मुख्य पॅराशूट सोडून देता येत नसे. एखादी दोरी कापडावरून जाऊन छत्रीचे दोन गोळे झाले तर राखीव पॅराशूट छातीवर असे, त्याचे हँडल ओढायचे, आणि अर्धवट फुगलेल्या मुख्य छत्रीत ते गुंतू नये म्हणून कापड हाताने बाहेर काढून जोर लावून लांब भिरकावायचे. माझ्यावर ही वेळ एकदाच आली. पहिल्यांदा भिरकावलेले कापड माझ्याच बुटांवर येऊन पडले, ते पुन्हा ओढून घेऊन फेकले तेव्हा वाऱ्याने धरले. या सगळ्याला किती वेळ लागला असेल ते माहीत नाही, पण शेजारून उतरणारा जवान मला आईवरून हाका मारत होता एवढे आठवते.

त्यामुळे ताई, तुमच्या शेडमधल्या गृहस्थांना माझा निरोप द्या. आम्हाला वाईट छत्री टाकून देण्याची सोय असती, तर आम्ही तिला एकदाही दुसरी संधी दिली नसती.

आभाळवेडी :

सर्वांचे मनापासून आभार. सुईदोरा यांनी सांगितल्याप्रमाणे काल क्लबमध्ये जाऊन दोऱ्यांचा हिशेब विचारला. नोंदवहीत शेवटचा आकडा वर्षापूर्वीचा होता आणि त्यानंतरचे रकाने कोरे होते. मग तिथल्या रिगरबाईंनी माझ्यासमोर पॅराशूट जमिनीवर पसरले, चारही रायझर एका खुंटीला अडकवून दोऱ्या ताणल्या आणि मोजल्या. ब्रेकच्या दोऱ्या बाकीच्यांपेक्षा चांगल्याच आखडलेल्या निघाल्या. उजवे टॉगल मोकळे करून लोंबते सोडले तर ते स्वतःभोवती फिरतच राहिले, आम्ही दोघींनी मोजले, अकरा वेढे. ते पॅराशूट आता दोऱ्या बदलेपर्यंत बाजूला ठेवले आहे. बाटलीही पोहोचवली.

काल आईलाही सांगितले. २०२३ साली अमेरिकेत साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या झाल्या आणि त्यांत दहा जण दगावले, असा आकडा मी तयार ठेवला होता, आणि त्यांतले सगळेच काही पॅराशूट बिघडल्यामुळे गेलेले नाहीत, चांगल्या उघडलेल्या पॅराशूटखाली जमिनीजवळ जोरात वळून आपटणारेही त्यांत असतात, हेही सांगणार होते. तिने ते काही ऐकले नाही. हरवलेल्या पिशवीचे पैसे कोण भरणार, एवढेच विचारले. मीच भरणार आहे. पुढच्या शनिवारी ३५वी उडी, दुसऱ्या पॅराशूटवर.

सुईदोरा :

अकरा वेढे पुष्कळ झाले. डावे टॉगलही सोडून मोजलेत का? आणि शनिवारचे पॅराशूट त्याच कपाटातले असेल, तर उडीच्या आधी त्याचीही दोन्ही टॉगल लोंबती सोडून पाहा. पिशवीसाठी वाऱ्याच्या दिशेने फार लांब शोधू नका. तुमचे मुख्य पॅराशूट हवा धरून वाहत गेले, पण पिशवी लहान असते, ती कटअवेच्या जागेच्या बरीच जवळ पडते. झुडपापासून मागे, वारा येत होता त्या बाजूला चालत जा.